ऑस्ट्रेलियाचा पुढारी आम्ही मीना सलमानला बदलला

ऑस्ट्रेलिया मी अजून पाहिलेला नाही. पण त्या देशातल्या एका पक्षाचा पुढारी कोण असावा, ह्या प्रश्नापायी माझा एक आख्खा उन्हाळा आणि निम्मा हिवाळा गेला. तोही बहरीनमध्ये, मीना सलमान बंदराच्या मागच्या वर्कशॉपांच्या रांगेत. माझं मत कुणी विचारलं नाही. मी तिथे टेलेक्स ऑपरेटर होतो.

टेलेक्स आता फारसा कुणाला आठवत नाही, म्हणून थोडं सांगतो. टाइपरायटर आणि टेलिफोन ह्यांचं लग्न लावलं तर जे मूल होईल, ते टेलेक्स. आपण इकडे टाइप करायचं आणि तिकडे सिडनीत त्याच क्षणी कागदावर उमटायचं. बिल मिनिटावर, म्हणून मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून तयार ठेवायचा आणि लाइन लागली की पट्टी सोडून द्यायची. ऑफिस बंद असलं तरी यंत्र चालूच असे. सकाळी येऊन पाहावं तर कागदाची लांब जीभ बाहेर लोंबत असायची. ती फाडून ज्याचा मजकूर त्याच्या टेबलावर ठेवणं हे माझं दिवसाचं पहिलं काम. अक्षरं सगळी मोठी, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत, शब्द कापून छाटून लहान केलेले. त्यामुळे लिहिणारा रागात आहे की गमतीत, हे ऑपरेटरला वासावरून ओळखावं लागे. मला ते जमत असे, असं मी नम्रपणे नमूद करतो.

आमची कंपनी ऑस्ट्रेलियन. लहान जहाजांची इंजिनं आणि पंप दुरुस्त करायची. वर्कशॉपात केरळचे फिटर, पेशावरचे पठाण, रत्नागिरीचे दाऊदभाई वेल्डर आणि ह्या सगळ्यांवर अबू खलील नावाचे बहरीनी फोरमन. ऑफिसात मी, वसईचा बस्त्याव लोपीस. आणि वरती दोन ऑस्ट्रेलियन साहेब. मॅनेजर ट्रेव्हर आणि वर्कशॉपचा प्रमुख क्लाइव्ह.

ऑस्ट्रेलियन माणसाला पूर्ण नाव उच्चारायचा कंटाळा. माझ्या पासपोर्टावर सेबॅस्टियन आहे, त्याचं पहिल्याच दिवशी ‘सेबो’ झालं. दुसरी गोष्ट मला शिकायला जरा वेळ लागला. क्लाइव्ह ज्याच्यावर खूश असेल त्याला शिवी देई. ट्रेव्हर त्याचा सगळ्यात जुना मित्र, त्यामुळे ट्रेव्हरला तो ज्या शिव्या देई त्या मी नाताळच्या अंकात लिहू शकत नाही. ज्याच्यावर क्लाइव्ह रागावला असेल त्याला तो ‘मिस्टर’ म्हणे. म्हणून ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात तो ट्रेव्हरला मिस्टर म्हणू लागला, तेव्हा मी समजलो की काहीतरी भयंकर घडलं आहे.

घडलं होतं ते तिकडे ऑस्ट्रेलियात. दोघेही एकाच पक्षाचे. तो पक्ष तेव्हा विरोधात बसला होता, आणि त्याच्या खासदारांत पुढाऱ्यावरून मतदान झालं. जुना पुढारी अगदी थोडक्यात वाचला. ट्रेव्हर जुन्याच्या बाजूचा. म्हणायचा, “पक्ष मातीत गेला होता, ह्या माणसाने उभा केला. आता निवडून यायची वेळ आली तर त्याला बाजूला करायचं?” क्लाइव्हला नवा हवा होता. “निवडून येणारा माणूस पाहिजे. आणि तुझ्या माणसाने युरेनियमवर पडतं घेतलं.” युरेनियम जमिनीतून काढायचं की जमिनीतच ठेवायचं, ह्यावर त्या पक्षाचं मोठं धोरण होतं. क्लाइव्हच्या मते ते जमिनीतच ठेवायला हवं होतं. ह्यातलं कितपत मला कळलं हे सोडा, पण आवाज कळला.

ही सगळी बातमी माझ्यामार्फतच येत असे. सिडनीच्या हेड ऑफिसात माझ्यासारखीच एक ऑपरेटर होती, डॉट नावाची. तिला मी कधी पाहिलं नाही. कामाचा मजकूर संपला की ती शेवटी एक ओळ राजकारणाची जोडायची. त्या मतदानानंतर तिने विचारलं, “इथे आख्खं ऑफिस भांडतंय. तुमच्याकडे काय?”

मी टाइप केलं, “इथे दोनच ऑस्ट्रेलियन आहेत.”

“मग बरं आहे.”

“दोघं भांडतायत.”

वर्कशॉपला ह्यातलं काही कळेना. एके दिवशी चहाच्या वेळी दाऊदभाईंनी मला बाजूला घेतलं.

“बस्त्यावभाऊ, ह्या दोघांत वांधा काय तो?”

“पुढारी कोण असावा ह्यावरून.”

“दोघांच्या पार्ट्या वेगळ्या?”

“नाही. एकच.”

दाऊदभाईंनी बिडी विझवली. “पुढारी ह्यांना ओळखतो?”

“नाही.”

“मग हे मत देणार?”

“पुढाऱ्याला खासदार निवडतात. ह्यांना मत नाही.”

“म्हंजे ज्याला हे ओळखत नाहीत, ज्याला मत देऊ शकत नाहीत, त्याच्यासाठी इथे उन्हात भांडतायत.” ते जरा विचारात पडले. “आमच्या गावात पण असंच होतं. पण निदान गावातला पुढारी म्हावरं तरी पाठवतो.”

तरीही वर्कशॉपात दोन पार्ट्या पडल्याच. क्लाइव्ह ओव्हरटाइम देई, म्हणून वेल्डर आणि पठाण सगळे नव्या पुढाऱ्याच्या बाजूचे झाले. ट्रेव्हर रजा लवकर मंजूर करी, म्हणून केरळवाले जुन्याच्या बाजूला राहिले. त्या दोन पुढाऱ्यांना कधी कळलंही नसेल की मीना सलमानमध्ये त्यांचे एवढे कडवे कार्यकर्ते आहेत.

लवकरच दोघे साहेब एकमेकांशी बोलेनासे झाले. बुदैयाच्या रस्त्यावर दोघांचे बंगले शेजारी शेजारी होते, आणि बायकांनी येण्याजाण्यासाठी मधल्या भिंतीत एक खिंडार ठेवलं होतं. क्लाइव्हने तिथे बोगनवेलीच्या कुंड्या आणून लावल्या. त्याची बायको बेव्ह रोज सकाळी तो कामावर गेला की कुंड्या बाजूला सरकवायची आणि तो यायच्या वेळी परत लावायची. ट्रेव्हरची बायको मॉरीन मला म्हणाली, “सेबो, कुंड्या उचलून आमच्या दोघींचे दंड मजबूत झालेत.”

ऑफिसात खिंडार म्हणजे मी. दोघांच्या खोल्यांच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, आणि त्यातून सगळं ऐकू जायचं. तरी मी उठून पलीकडे जाऊन सांगितल्याशिवाय उत्तर यायचं नाही.

क्लाइव्ह ओरडे, “सेबो, त्या मिस्टरना सांग की इंजिनातलं त्यांना जर राजकारणाइतकंच कळत असेल तर आपण सगळे बुडालो.”

मी पलीकडे जाऊन सांगायचो, “क्लाइव्ह म्हणतो, सवड झाली की एकदा इंजिन पाहून जा.”

ट्रेव्हर चष्म्यावरून माझ्याकडे पाहायचा. “तो असं म्हणाला नाही.”

“नाही. पण त्याला तेच म्हणायचं होतं.”

“मग त्याला सांग की जो माणूस जिंकलेल्या माणसाला हरलेला म्हणतो, त्याने मला मोजमापं शिकवू नयेत.”

मी परत यायचो. “ट्रेव्हर म्हणतो, दुपारी येतो.”

असा सगळा उन्हाळा गेला. घरी माझी बायको फिलोमिना म्हणायची, “तुम्हाला पगार टेलेक्सचा मिळतो की सोयरिकी जमवण्याचा?” मी तिला म्हणायचो की ऑपरेटरचं काम मजकूर पोचवणं. ती म्हणायची, “मजकूर कुठे पोचवता? तुम्ही तर नवाच लिहिता.”

हे चाललं असतं तसंच. पण हिवाळ्यात एक ग्रीक मालवाहू जहाज आलं, आणि प्रकरण आमच्या पोटावर आलं.

त्या जहाजाच्या इंजिनाच्या एका हेडला भेगा पडल्या होत्या. हेड म्हणजे सिलिंडरवरचं लोखंडी जड झाकण. आत सतत स्फोट होत असतात, त्यांचा सगळा दाब हे झाकण धरून ठेवतं. ट्रेव्हर म्हणाला, जुनं हेड चांगलं आहे, वेल्डिंग करू, अजून पुष्कळ चालेल. क्लाइव्ह म्हणाला, बदलून टाका, डागडुजी करून काही होत नाही. आणि दोघेही असे बोलू लागले की ऐकणाऱ्याला कळेना, विषय इंजिनाचा आहे की ऑस्ट्रेलियाच्या संसदेचा.

“त्याला सांग, निष्ठेने इतकी वर्षं काम केलेली वस्तू एका भेगेसाठी फेकत नाहीत.”

“त्याला सांग, भेग एक नाही, आतून सगळं पोकळ झालंय.”

मला पहिल्यांदाच काय पोचवावं ते सुचेना. जहाजाचे चीफ इंजिनिअर, कोस्टा नावाचे जाडजूड गृहस्थ, रोज माझ्या टेबलासमोर येऊन बसत आणि जपमाळेसारखी एक माळ बोटांत फिरवत. शेवटी ते म्हणाले, “मिस्टर सेबो, उद्यापर्यंत ठरलं नाही तर मी दुसऱ्या वर्कशॉपला जातो.” त्या हिवाळ्यात आमच्याकडे तेवढं एकच मोठं काम होतं. ते गेलं असतं तर आमच्या कंपनीत सगळ्यात आधी कोण घरी जाणार, हे मला ठाऊक होतं. फिलोमिनाला फॅमिली व्हिसावर येऊन जेमतेम वर्ष होत होतं. मी त्याच दिवशी सिडनीच्या तांत्रिक विभागाला सगळी हकिगत पाठवली आणि विचारलं, जुनं ठेवायचं की नवं बसवायचं.

दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आला. यंत्रातून जीभ लोंबत होती. ऑस्ट्रेलियात पुढारी आज बदलणार, उद्या बदलणार, अशा वावड्या डॉट आठवडाभर पाठवत होती, त्यामुळे क्लाइव्हला धीर कुठला. त्याने कागद खस्सकन ओढून फाडला. त्यावर साधारण असं होतं:

“जुन्या हेडबाबत सर्वांशी चर्चा झाली. आता डागडुजी नको. दाब सहन होणार नाही. ताबडतोब काढा. नवं हेड तयार. सर्वांची एकमताने पसंती.”

इंग्रजीत पुढाऱ्यालाही हेड म्हणता येतं आणि सिलिंडरच्या झाकणालाही. त्यातून टेलेक्सचं व्याकरण असं की सर्वनामं गाळायची.

मी कंपनीच्या व्हॅनमधून उतरलो तेव्हा वर्कशॉपचा भोंगा वाजत होता. हा भोंगा आग लागली तरच वाजवायचा, असा नियम होता. सगळी माणसं फाटकापाशी रांगेत उभी. क्लाइव्ह एका ड्रमवर चढला होता. त्याच्या पायाशी पेप्सीचे क्रेट होते.

“हेड गेला,” तो ओरडून सांगत होता. “आज दुपारनंतर सगळ्यांना सुट्टी.”

अबू खलील थोर मनाचा माणूस. हेड ऑफिसचा हेड गेला, असा त्यांनी अर्थ लावला आणि डोकं खाली घालून “इन्ना लिल्लाही” ही मयताच्या वेळची दुआ म्हटली. त्यांचं पाहून पठाणांनी हात पसरले. केरळवाल्यांनी टोप्या काढल्या. दाऊदभाई माझ्या कानाशी आले. “काय झालां ओ? कोण गेला? आणि गेला तर पेप्सी कशाला?”

एवढ्यात ट्रेव्हरची गाडी आत आली. तो उतरताच अबू खलील पुढे झाले, त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “अल्लाह त्याला जन्नत देवो. फार चांगला माणूस होता.”

ट्रेव्हरने ड्रमवरच्या क्लाइव्हकडे पाहिलं. पेप्सी पाहिली. त्याला एका क्षणात सगळं कळलं, म्हणजे सगळं चुकीचं कळलं.

“हो,” तो अबू खलीलना म्हणाला. “फार चांगला.” आणि गाडीत बसून परत गेला.

मी धावत ऑफिसात गेलो. ओढाओढीत फाटलेला कागदाचा वरचा तुकडा यंत्रातच अडकला होता. त्यावर ग्रीक जहाजाचं नाव होतं, आणि खाली ‘सिलिंडर क्रमांक चार’.

मी तो तुकडा घेऊन बाहेर आलो. क्लाइव्ह ड्रमवरून खाली उतरला होता, पेप्सीची बाटली दातांनी उघडत होता. मी त्याला दोन्ही तुकडे जोडून दाखवले. त्याने वाचले. पुन्हा वाचले. बाटली हळूच क्रेटमध्ये परत ठेवली.

“ट्रेव्हर कुठे आहे?”

“घरी गेला.”

“काही म्हणाला?”

“म्हणाला, फार चांगला माणूस होता.”

क्लाइव्ह म्हणाला, “सेबो, तू जाऊन सांग त्याला.”

इतके महिने मी ‘हो’ म्हणत आलो होतो. त्या दिवशी मात्र म्हटलं, “हे मी नाही सांगणार. गाडीत बसतो, पण सांगायचं तुम्ही.”

मीना सलमानपासून बुदैयापर्यंत गाडी तोच चालवत होता. खजुरीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा एकदा फक्त म्हणाला, “मी भोंगासुद्धा वाजवला.”

ट्रेव्हर बागेत होता. अंगावर ऑफिसचा शर्ट आणि टाय, हातात पाण्याचा पाइप. एकाच टोमॅटोच्या रोपाला तो इतका वेळ पाणी घालत होता की रोपाभोवती तळं झालं होतं. डोळे लाल होते. आम्ही आलो हे पाहूनही त्याने मान वर केली नाही.

क्लाइव्ह चिखलात उभा राहिला. घसा खाकरला. आणि त्याने ट्रेव्हरला एक अशी सणसणीत शिवी दिली की कुंपणापलीकडचा माळी थांबून बघू लागला.

ट्रेव्हरने पाइप खाली ठेवला. सात-आठ महिन्यांत त्याने क्लाइव्हच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती.

“तुझा माणूस अजून खुर्चीवर आहे,” क्लाइव्ह म्हणाला. “ते ग्रीक जहाजाचं हेड होतं.”

“कुठलं हेड?”

“चार नंबरचं.”

ट्रेव्हरने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तो हसू लागला, आणि हसता हसता चिखलातच खाली बसला. “तू भोंगा वाजवलास. सिलिंडरच्या हेडसाठी.”

“पेप्सीसुद्धा वाटली.”

“आणि अबू खलीलने त्याला जन्नतमध्ये पाठवलं.”

क्लाइव्हही त्याच्या शेजारी बसला. मी चिखलात बसलो नाही, माझी पँट नवी होती. पण मला हलकं वाटलं हे खरं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मॉरीनने हाक मारली. “ट्रेव्ह, आत ये. रेडिओवर बघ काय सांगतायत.”

शॉर्टवेव्ह रेडिओ खरखरत होता, आवाज समुद्रासारखा जवळ यायचा आणि लांब जायचा. पण कळायचं ते कळलं. ऑस्ट्रेलियात त्याच दिवशी जुन्या पुढाऱ्याने खरोखरच पद सोडलं होतं. नवा पुढारी ठरला होता, आणि त्याच दिवशी निवडणूकही जाहीर झाली होती.

बेव्ह खिंडारातून केक घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. आम्ही सगळे क्लाइव्हकडे पाहत होतो. उन्हाळ्यापासून तो ह्याच बातमीची वाट पाहत होता. पण आता त्याच्याकडे भोंगा नव्हता, पेप्सी नव्हती, आणि पायाला चिखल लागलेला होता.

“वाईट झालं,” तो म्हणाला. “त्याने पक्ष उभा केला, हे मान्य करायला हवं.”

माझ्या अंगवळणी पडलं होतं, मी ट्रेव्हरकडे वळलो. “क्लाइव्ह म्हणतो...”

“ऐकलं मी,” ट्रेव्हर म्हणाला. मग क्लाइव्हला म्हणाला, “हे तू उन्हाळ्यात म्हणाला असतास तर?”

“उन्हाळ्यात तो खुर्चीवर होता.”

ट्रेव्हरने टाय सोडला. “चला. माझं रडून सकाळीच झालं होतं. आता केक खाऊ.”

दुपारी दोघे एकाच गाडीतून वर्कशॉपला आले. सुट्टी एकदा जाहीर केलेली, ती मागे घ्यायची म्हटलं तर दंगल झाली असती, म्हणून फक्त दाऊदभाई आणि दोन फिटर थांबले. कोस्टा माळ फिरवत बसलेच होते. ट्रेव्हर म्हणाला, “सिडनी म्हणते ते बरोबर आहे, नवं हेड बसवा.” तर क्लाइव्ह म्हणे, “पण जुनं फेकायचं नाही. वेल्डिंग करून जहाजावर स्पेअर म्हणून ठेवा. उद्या उपयोगी पडेल.” दाऊदभाईंनी ते जुनं हेड इतक्या मायेने वेल्ड केलं की कोस्टांनी त्यांना जाताना ऑलिव्हचा डबा दिला. ते त्यांना आवडले नाहीत. मी घेतले, फिलोमिनालाही आवडले नाहीत. शेवटी चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्सेनंतर एका गोवेकराला दिले.

अबू खलीलना मी खरा प्रकार समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे कुणी मेलं नाही?”

“कुणीच नाही.”

“अलहम्दुलिल्लाह,” ते म्हणाले. “पण मी दुआ केली ती केली. ज्याला लागेल त्याला लागो.”

पुढे महिनाभराने दोघा साहेबांच्या पक्षाने निवडणूक जिंकली. बेव्हच्या अंगणात मेजवानी झाली, वर्कशॉपातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. क्लाइव्हने पहिला ग्लास ट्रेव्हरच्या हातात दिला, आणि ट्रेव्हरने तो जुन्या पुढाऱ्याच्या नावाने उचलला. क्लाइव्ह प्यायला. कुंड्या भिंतीच्या कडेला सरळ रांगेत लावून ठेवल्या होत्या, कायमच्या.

टेलेक्सचं यंत्र आमच्याकडे पुढे काही वर्षं राहिलं. मग फॅक्स आला आणि ते भंगारात गेलं. डॉटने शेवटच्या दिवशी “बरं आहे मग, सेबो” एवढंच पाठवलं. मीही तेवढंच पाठवलं, कारण बिल मिनिटावर होतं. आता वाटतं, एक मिनिट कंपनीला परवडलं असतं.

पण त्याआधी एक झालं. नवा पुढारी सत्तेवर आल्यावर युरेनियमच्या चालू खाणी त्याने चालूच ठेवल्या. ही बातमी आली त्या सकाळी क्लाइव्ह टेबलावर मुठी आपटत ओरडत होता, “आपल्याला फसवलं ह्या माणसाने. ह्याला आधी काढा.”

पार्टिशनपलीकडून ट्रेव्हरचा आवाज आला, शांत आणि तृप्त. “तो पहिल्यापासून खाणींच्याच बाजूचा होता. तुला निवडून येणारा हवा होता ना? आला.”

“तू त्याची बाजू घेतोस? तू?”

“तो पक्षाचा पुढारी आहे. पुढाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं असतं.”

क्लाइव्हने त्याला एक दीर्घ, सविस्तर शिवी दिली. ट्रेव्हरने तिला तितकंच सविस्तर उत्तर दिलं. मी खुर्ची मागे सरकवून उठू लागलो होतो, तो परत बसलो. कुणाला माझी गरज नव्हती. मी पट्टी यंत्रात लावली आणि सिडनीला पंपाच्या वॉशरांची ऑर्डर पाठवायला घेतली.